मागच्या रांगेचे इतिवृत्त

मराठी माणसाने भरविलेल्या कोणत्याही सभेचे दोन भाग असतात : एक व्यासपीठ आणि दुसरा मागची रांग, आणि या दोहोंपैकी कोणाचे बोलणे अधिक मुद्देसूद असते, हा प्रश्न केवळ दप्तरी पुराव्याच्या अभावी आजवर अनिर्णीत राहिलेला आहे. व्यासपीठाच्या दिमतीला कारकून असतो. अध्यक्षांना ठसका लागला आणि ते दोन घोट पाण्यासाठी थांबले, तरी वृत्तांतात त्यांचा कंठ दाटून आल्याची नोंद होते. उलट सतरंजीच्या कडेला, भिंतीला पाठ टेकून बसलेली मंडळी त्याच भाषणावर वाक्यागणिक जे मार्मिक भाष्य करीत असतात, ते शेजाऱ्याच्या कानापलीकडे जात नाही आणि सभा उठताच सतरंजीबरोबर गुंडाळले जाते. एखाद्या ग्रामपंचायतीचे प्रोसिडिंग बुक उघडून पाहावे : विषय क्रमांक, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि अखेरीस ‘सर्वानुमते मंजूर’. या दोन शब्दांच्या पोटात दोन तासांची हमरीतुमरी, तीन जणांचा सभात्याग, ‘तुमच्या आज्यानं कुठं बांध कोरला ते काढू का?’ असा एक ऐतिहासिक प्रश्न आणि चहा कधी येणार याविषयीची सार्वत्रिक चिंता निमूटपणे पडून राहिलेली असते.

या अन्यायाचे परिमार्जन करणारे साधन आता निघाले आहे, आणि ते सरकारने किंवा विद्यापीठाने नव्हे, तर संगणकावर काळी खिडकी उघडून बसणाऱ्या काही रिकामटेकड्या परंतु चिकाटीच्या माणसांनी निर्माण केले आहे, ही गोष्ट मागच्या रांगेच्या परंपरेला साजेशीच म्हटली पाहिजे. थेट प्रक्षेपण चालू असताना दर्शक आपापल्या घरी बसून पडद्याच्या कडेला जी बडबड टंकित करीत असतात, जिला लाइव्ह चॅट असे नाव आहे, ती सगळीच्या सगळी उचलून, सेकंदासेकंदाचा हिशेब ठेवून, चित्रफितीच्या पायाशी उपशीर्षके म्हणून बसवून देणारी ही आज्ञावली होय. म्हणजे चित्रात वर बोलतो तो वक्ता आणि खाली उमटते ती मागची रांग; दोघांना एकाच चौकटीत, एकाच क्षणी आणि जवळजवळ एकाच अक्षरात स्थान.

हे साधन कोठे शोभेल याचा विचार करताना नगर जिल्ह्यातील (नव्या नावाने अहिल्यानगर जिल्ह्यातील) राळेगणसिद्धीखेरीज दुसरे गाव आमच्या डोळ्यांपुढे येत नाही. पुण्याहून नगरकडे जाताना वाडेगव्हाणच्या फाट्याशी आत वळले की लागणारे, पारनेर तालुक्यातले हे अवर्षणग्रस्त खेडे १९७५ पर्यंत दारूच्या भट्ट्यांखेरीज कशासाठीच प्रसिद्ध नव्हते. त्या साली लष्करातील नोकरी सोडून अण्णा हजारे गावी परतले, भविष्य निर्वाह निधीची पुंजी त्यांनी यादवबाबांच्या पडक्या देवळाच्या जीर्णोद्धाराला लावली, आणि त्याच देवळाच्या ओसरीवर पुढे नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि नसबंदी असे एकामागून एक निर्णय झाले. बंधारे झाले, पाणी अडले, विहिरींना पाणी आले. होळीत बिड्या-सिगारेटी जळाल्या. आणि ऐकून न ऐकल्यासारखे करणाऱ्या मद्यप्यांना देवळाच्या खांबाशी बांधून लष्करी पट्ट्याचा प्रसाद मिळाल्याची हकीकतही सर्वश्रुत आहे. या साऱ्याचा व्याख्यानांतून होणारा गौरव यथार्थच आहे. परंतु चराईबंदीचा निर्णय ज्या दिवशी झाला, त्या दिवशी मागे बसलेला शेळ्यांचा मालक शेजाऱ्याच्या कानात काय म्हणाला, हे इतिहासाला कायमचे अज्ञात राहिले, याची खंत कोणाही गंभीर अभ्यासकाला वाटल्याशिवाय राहणार नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही मागची रांग ही क्षुल्लक बाब नव्हे. ग्रामसभेची गणपूर्ती व्हावी म्हणून एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी डोकी हजर असावी लागतात. आणि ती भरतात ती व्यासपीठावरच्या पाच-सात खुर्च्यांनी नव्हे, तर याच भिंतीला टेकलेल्या मंडळींनी. ती आली नाहीत तर सभा तहकूब होते. कायदा मात्र इतका कनवाळू की तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे पहिल्या सभेला मागची रांग अत्यावश्यक आणि दुसऱ्या सभेला अनावश्यक. ज्यांच्या उपस्थितीला इतका चंचल भाव, त्यांच्या बोलण्याची नोंद कोण ठेवणार?

गावाबाहेरच्या मागच्या रांगेला पहिला आवाज मिळाला तो २०११ साली. दिल्लीत जंतरमंतरवर आणि नंतर रामलीला मैदानावर लोकपाल कायद्यासाठी अण्णांचे उपोषण चालू असताना देशभरच्या पाठीराख्यांना एका क्रमांकावर मिस्ड कॉल देण्याचे आवाहन झाले होते. बोलणे नाही, खर्च नाही, फक्त एक घंटी वाजवून कापून टाकायची. सार्वजनिक मतप्रदर्शनाचा इतका मितव्ययी प्रकार भारताखेरीज अन्यत्र सुचणे कठीण. पुढे १० डिसेंबर २०१३ पासून यादवबाबांच्या देवळाशीच उपोषण झाले, तेव्हा वाहिन्यांच्या छत्र्यावाल्या गाड्या गावात येऊन उभ्या राहिल्या. १८ तारखेला लोकपाल विधेयक संसदेत संमत झाले आणि उपोषण सुटले. २०१९ च्या ३० जानेवारीला पुन्हा तेथेच उपोषण सुरू झाले तेव्हा छत्र्यावाल्या गाडीची गरजच संपलेली होती. खिशात मोबाईल असलेला प्रत्येक इसम स्वतःच एक वाहिनी झाला होता. मिस्ड कॉलला आता अक्षरे फुटली. उपोषण असो, ग्रामसभा असो, हरिनाम सप्ताहातले कीर्तन असो, एक पोरगा तिपाईवर मोबाईल लावतो आणि मुंबई, पुणे, सुरत येथे पोटापाण्यासाठी पांगलेले पारनेर तालुक्याचे लोक जेथे असतील तेथून सतरंजीच्या कडेला येऊन बसतात.

या अदृश्य रांगेची जातवारी लावू गेल्यास ती बसल्या रांगेइतकीच जुनी निघते. पहिला वर्ग हजेरी लावणाऱ्यांचा : ‘राम कृष्ण हरी, विरारहून’, ‘राम कृष्ण हरी, चाकणहून’. यांना आपण पाहतो आहोत यापेक्षा आपण पाहतो आहोत हे पाहिले जावे याची निकड अधिक. दुसरा वर्ग ध्वनितज्ज्ञांचा. ‘आवाज येत नाही’ असे एकाने लिहिताच दुसरा ‘येतोय’, तिसरा ‘घुमतोय’ आणि चौथा ‘व्हिडिओ अडकला’ असे कळवितो, आणि वक्ता पंचायत राज्यव्यवस्थेचे मर्म विशद करीत असताना खाली कर्ण्याच्या प्रकृतीवर वैद्यांची बैठक भरते. तिसरा वर्ग चौकस लोकांचा, ज्यांना कोणत्याही प्रसंगी पारनेरच्या बाजारात कांद्याला काय भाव निघाला हे जाणून घ्यायचे असते. चौथा वर्ग आप्तांचा, जो एकमेकांना पडद्यावर भेटून ‘अक्का, कधी आलीस?’, ‘कालच, सोमवारी जायचंय’ असा घरगुती पत्रव्यवहार अखिल विश्वासमक्ष उरकून घेतो. आणि पाचवा वर्ग कारभाऱ्यांचा : ‘तात्या, कॅमेऱ्यापुढनं बाजूला व्हा.’ तात्यांच्या हातात मोबाईल नसल्याने ही सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची सुतराम शक्यता नसते. तथापि ती वाढत्या करुणेने आणि घटत्या आदराने दर मिनिटाला केली जाते.

प्रक्षेपण संपले की चित्रफीत उरते, पण ती मोबाईलवर उतरवून घेतली की बडबड मागे राहते आणि वक्ता पुन्हा एकटा पडतो. येथे आज्ञावली कामास येते. वायटी-डीएलपी या नावाचे एक साधन आहे. त्याला ना चित्र, ना बटण, ना स्वागताचा शब्द. काळ्या खिडकीत एक ओळीचे फर्मान लिहायचे आणि एंटरची कळ दाबायची. याच्याकडे चित्रफितीच्या उपलब्ध उपशीर्षकांची यादी मागितली, तर इंग्रजी, हिंदी, मराठी अशा भाषांच्या पंगतीत हे साधन ‘लाइव्ह चॅट’ अशी आणखी एक भाषा निर्विकारपणे मांडून दाखविते. भाषावार प्रांतरचनेच्या काळात ही नोंद कोणाच्या नजरेस आली असती, तर एका नव्या प्रांताची मागणी होऊन त्याची राजधानी मागच्या रांगेत स्थापन झाली असती.

काळ्या खिडकीच्या स्वभावाचा येथे दोन शब्दांत गौरव केला पाहिजे. आपल्याकडे कोणत्याही कचेरीत अर्ज दिला असता काम न होण्याची कारणे ऐकावी लागतात, आणि काम झालेच तर ते कोणी केले याचेही आख्यान ऐकावे लागते. येथला जुना शिरस्ता असा की फर्मान यथास्थित बजावले गेले तर साधनाने काही बोलू नये, आणि बोलायचेच तर चूक दाखविण्यासाठी बोलावे. काम करून गप्प बसणारा कारकून मराठी मुलखाने पाहिलेला नसल्यामुळे प्रथम पाहणारा घाबरतो आणि काम झालेच नाही असे समजून तेच फर्मान पुन्हा सोडतो.

हाती येते ती एक अगडबंब फाईल : एकेका ओळीत एकेक शेरा, तो कोणाचा, आणि चित्रफितीच्या आरंभापासून कितव्या सहस्रांश सेकंदाला पडला याचा उल्लेख. आता तिचे उपशीर्षकांत रूपांतर करावयाचे. उपशीर्षकांची एसआरटी नावाची पद्धत फार साधी आहे : प्रथम अनुक्रमांक, मग कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंत हे दाखविणारा बाण, मग मजकूर, आणि मग एक कोरी ओळ. नमुन्यादाखल, कोणा एका गावास न लावता, एखाद्या सभेचा कल्पित उतारा अंक मराठीत उतरवून देतो :

४१२
००:३७:०४,२५० --> ००:३७:०८,२५०
आवाज येत नाही

४१३
००:३७:०५,१०० --> ००:३७:०९,१००
येतोय की. तुमचा मोबाईल बघा

४१४
००:३७:०६,९०० --> ००:३७:१०,९००
कांदा काय भाव गेला आज पारनेरला

४१५
००:३७:०७,३०० --> ००:३७:११,३००
तात्या सरका

पेशव्यांच्या दप्तरातसुद्धा कोणा तात्यास सरकण्याचा हुकूम सदतिसाव्या मिनिटाच्या सातव्या सेकंदानंतर तीनशे सहस्रांशांनी सुटला, असा दाखला मिळावयाचा नाही.

चाणाक्ष वाचकाच्या ध्यानी आले असेल की, शेरा कधी पडला हे फाईलीत असते, पण तो कधी संपला हे कोठेच नसते. वाक्य उच्चारले की संपते. टंकित शेऱ्याला मरण नाही, त्याला फक्त खालून नवा शेरा वर ढकलतो. सबब रूपांतर करणाऱ्यास प्रत्येक शेऱ्याचे आयुष्य स्वतःच ठरवावे लागते. वरील उताऱ्यात ते चार सेकंद धरले आहे. कोणी पुढचा शेरा येईपर्यंत मागच्यास जगू देतो. पण मग रात्री कीर्तन रंगात येऊन लिहिणारे थांबले की शेवटचा ‘कांदा काय भाव’ हाच प्रश्न संपूर्ण उत्तररंगभर बुवांच्या पायाशी धरणे धरून बसतो. उलट गर्दीच्या वेळी एका सेकंदात दहा शेरे पडले तर ते एकावर एक रचले जाऊन आधी वक्त्याचे उपरणे, मग हनुवटी आणि शेवटी पागोटे झाकून टाकतात. जपानी लोकांनी यावर तोड काढली ती अशी की, शेरे खाली रचण्याऐवजी उजवीकडून डावीकडे पडद्याच्या अंगावरून सोडायचे. २००६ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या त्यांच्या निकोनिको या संकेतस्थळावर ही पद्धत रूढ झाली आणि तिचे अनुकरण चीनमध्ये झाले. अशा उडत्या शेऱ्यांची उपशीर्षके बनविणाऱ्या आज्ञावल्याही उपलब्ध आहेत. आपल्याकडे मात्र वक्त्यावर काही फेकून मारण्याची प्रथा मुळातच परिचित असल्याने हा शोध लावण्याची निकड भासली नसावी.

खरी मौज पुढेच आहे. प्रक्षेपण थेट म्हणविले जात असले तरी ते थेट नसते. मंडपातले चित्र तुकड्यातुकड्यांनी प्रवास करून विरारच्या खोलीत पोहोचेपर्यंत काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंतचा अवधी जातो, त्यात विरारकराला चष्मा शोधून टंकलेखन करण्यास लागणारा वेळ मिळवावा. परिणामी दाद नेहमी उशिरा येते, आणि उपशीर्षक मात्र जेथे पडले तेथेच इमानाने छापले जाते. सरपंचांनी महाप्रसादाला जिलबी असल्याचे जाहीर करून लगेच अतिक्रमणे काढण्याचा विषय हाती घेतला, तर त्यांच्या ‘येत्या आठ दिवसांत गावठाणातले प्रत्येक अतिक्रमण पाडले जाईल’ या वाक्याखाली ‘एक नंबर!’, ‘आम्ही येतोय’, ‘आमच्याकरिता ठेवा’ असा त्रिवार जयघोष उमटतो. आणि अतिक्रमणावरची खरी प्रतिक्रिया, जी येथे छापण्याजोगी नसते, ती कैलासवासी झालेल्या ज्येष्ठ ग्रामस्थांना श्रद्धांजली वाहताना पायाशी येऊन उभी राहते.

यावरही तोड आहे. एकाच फर्मानाने सगळी उपशीर्षके अमुक सेकंद मागे सरकविता येतात, म्हणजे टाळी ज्या वाक्याची त्याच वाक्याला मिळते. पण येथे नीतिशास्त्राचा प्रश्न उद्भवतो. पंधरा सेकंद सरकविणे ही दुरुस्ती. तीस सेकंद सरकविले की वक्त्याने तोंड उघडण्यापूर्वीच श्रोते ‘वा, काय बोललात!’ म्हणू लागतात, आणि हे तंत्र आपल्या राजकीय पक्षांना संगणकाच्या साहाय्याविना फार पूर्वीपासून अवगत आहे.

सभा सुरू होण्याआधीच येऊन बसणारी मंडळी तर या आज्ञावलीची सत्त्वपरीक्षाच घेतात. प्रक्षेपणाची वेळ जाहीर झाली की निष्ठावंत दर्शक अर्धा तास आधीपासून ‘सुरू कधी?’ असे विचारू लागतात, आणि त्यांची वेळ फाईलीत उणे चिन्हाने दाखविलेली आढळते. चित्रफीत शून्यापासून सुरू होते. उपशीर्षकाच्या पद्धतीत शून्याच्या अलीकडे जागाच नाही. तेव्हा एक तर या वक्तशीर लोकांना वगळावे लागते किंवा त्या सर्वांना शून्याव्या क्षणी एकदम आत सोडावे लागते. दुसरा पर्याय निवडल्यास दीपप्रज्वलनाची काडी ओढली जाण्यापूर्वीच पहिल्या पंगतीला घुसणाऱ्या वऱ्हाडाप्रमाणे शंभर शेरे एकाच सेकंदात पडद्यावर कोसळतात आणि समई दिसेनाशी होते. वेळेवर येणाऱ्याचे आपल्या समाजात काय होते, याचे इतके गणिती प्रात्यक्षिक अन्यत्र सापडणार नाही.

लिपीचाही एक जाच आहे. देवनागरीत ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर, संगणकाच्या साठवणीतही व्यंजनानंतर, पण कागदावर मात्र व्यंजनाच्या आधी. अक्षरे मांडणाऱ्या आज्ञावलीला हे ठाऊक नसेल तर ती इकार जेथल्या तेथे उजवीकडे लटकत ठेवते आणि जोडाक्षरांचे पाय मोडून मांडते. या दृष्टीने ‘राळेगणसिद्धी’ हे नाव म्हणजे शहाण्या आज्ञावलीची प्रवेशपरीक्षाच होय : त्यात ळ आहे, ऱ्हस्व इकार आहे, द्ध आहे आणि दीर्घ ईकारही आहे. हे नाव जिने धड लिहिले तिला बाकीचा महाराष्ट्र निर्धास्तपणे सोपवावा.

इतके करून जे इतिवृत्त सिद्ध होते ते संपूर्ण असते काय? नाही. प्रक्षेपणावर देखरेख ठेवणारा पोरगा मधूनमधून एखादा शेरा पुसून टाकतो. नशाबंदीच्या गावच्या प्रक्षेपणात कोणी फेसाळत्या पेल्याचे चित्र पाठविले, तर देवळाच्या खांबाची आठवण असलेला पोरगा ते किती वेळ राहू देईल? मात्र ज्याने प्रक्षेपण चालू असतानाच बडबड टिपून घेतली असेल, त्याच्या फाईलीत मूळ शेराही असतो आणि त्याखाली तो पुसला गेल्याचा दाखलाही असतो. विधिमंडळात अध्यक्षांनी एखादा शब्द कामकाजातून काढून टाकण्याचा आदेश दिला की तो शब्द कोणता याची चौकशी सगळा महाराष्ट्र करतो. येथे ती चौकशीसुद्धा करावी लागत नाही.

सरकारी दप्तर जनतेला पाहता आले पाहिजे यासाठी राळेगणसिद्धीतून मोठी चळवळ झाली. महाराष्ट्राचा माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ चा आणि केंद्राचा २००५ चा. त्या लढ्याचा रोख राज्यकर्त्यांच्या दप्तराकडे होता. जनतेची कुजबूजही एके दिवशी दप्तरी दाखल होईल, आणि तीही अर्ज व दहा रुपये शुल्क न भरता, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. आणि याचा परिणाम दिसू लागला आहे. आपले शब्द चित्रफितीच्या पायाशी कायम राहणार हे कळल्यापासून मागची रांग जपून बोलू लागली आहे. ‘तात्या सरका’ असे लिहिणारा आता ‘आदरणीय तात्यांनी कृपया किंचित बाजूस व्हावे ही नम्र विनंती’ असे लिहितो. कांद्याचा भाव विचारणारा आधी सर्व उपस्थितांना अभिवादन करतो. आणि विरारकराने तर आपल्या हजेरीखाली नाव, पद, मंडळाचे नाव आणि भावी उमेदवारीची सूचना इतका मजकूर जोडला आहे की चार सेकंदांत तो वाचून होत नाही. थोडक्यात, नोंद होऊ लागताच मागच्या रांगेचे व्यासपीठ झाले.

याचा अर्थ मागची रांग संपली असा मात्र कोणी करू नये. ती मंडपातच आहे, भिंतीला टेकून, मोबाईल सदऱ्याच्या खिशात उलटा घालून. आणि पडद्यावरच्या त्या लांबलचक नम्र विनंत्या वाचून दाखविणाऱ्या पोराच्या कानात ती जे काही म्हणते आहे, ते उतरवून घेणारे फर्मान अद्याप निघालेले नाही. ज्या दिवशी निघेल, त्या दिवशी मागची रांग सभेला येणेच बंद करील, सभा गणपूर्तीअभावी तहकूब होईल, आणि तहकूब सभेत, कायद्याने कोणाची गरज नसल्यामुळे, सर्व ठराव खरोखरीच सर्वानुमते मंजूर होतील.